पालकाची सही

नियम पान दोनवर आहेत, वहीच्या आतल्या बाजूला.
गणवेश धुतलेला असावा. केस कापलेले.
मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर जाऊ नये.
गैरहजर राहिल्यास दुसऱ्या दिवशी अर्ज,
खाली पालकाची सही.
जूनमध्ये मी हे मोठ्यानं वाचून दाखवते
आणि मागच्या बाकावरची पोरं
बेळगावची बस वळताना बघत बसतात.

वैजनाथ ओमाणा तरळे, दहावी ब, अनुक्रमांक एकतीस.
दसऱ्याच्या सुट्टीआधी बत्तीस अर्ज,
सुतळीत ओवून ठेवलेत मी.
"भाताची लावण होती म्हणून."
"रताळी काढायची होती म्हणून."
"मार्केट यार्डाचा टेम्पो आला नाही,
म्हणून ढिगाजवळ बसलो."
ताप नाही, पोटदुखी नाही,
एकाच आजीला तीनदा मारलेलं नाही.
इतके खरे अर्ज वीस वर्षांत आले नव्हते,
म्हणूनच संशय आला.

सही बघा: शेवंता ओ. तरळे.
श ची गाठ तशीच, जशी त्याच्या निबंधाच्या वहीत.
त चा पाय तसाच खाली ओढलेला.
खुशाल आईची सही ठोकतोय, मी हेडसरांना म्हणाले,
आणि लाल पेनानं चिठ्ठी दिली:
पालकांना घेऊन येणे.

ती बुधवारी आली,
राकसकोपच्या वाटेवरच्या शेतातून थेट.
चपला दाराबाहेर काढल्या,
बसा म्हटलं तरी बसली नाही.
नखांत तांबडी माती.
हेडसरांनी कोरा कागद पुढं सरकवला.
"करा सही."
तासाची घंटा द्यायची विसरून
गुंडू शिपाई दारातच थांबला.

तिनं बोटं पदराला पुसली.
पेन धरलं, खुरपं धरावं तसं.
श काढला. थांबली. ओठ हलत होते.
मग व, आणि वरचं टिंब इतक्या जोरात
की कागदाला भोक पडलं.
तीच गाठ.
तोच ओढलेला पाय.

"त्येनंच शिकवलंय की हो बाई, चौथीत असताना.
बँकेत आंगठा नको म्हणाला.
त्येचंच अक्षर हातात बसलंय,
माझं वेगळं मी कुठनं आणू?"

हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले.
लाल चिठ्ठी टेबलावर होती.
मी तिच्यावर डस्टर ठेवलं.

पण टक्के ते टक्केच.
शाळा भरली एकशे बारा दिवस, वैजू ऐंशी.
परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के लागतात,
एकाहत्तरवर काही चालत नाही.
हजेरीपत्रकाचे मथळे कानडीत छापून येतात:
हाजरी, रजे, सही.
एवढ्या तीन शब्दांवरून
आमच्याकडं कुणी कधी भांडलेलं नाही.

"किती दिवस कमी पडूलेत?" तिनं विचारलं.
मी पाठीमागच्या पानावर गणित मांडलं.
सोळा. सलग. एकही खाडा नको.
तिनं बोटांच्या पेरांवर मोजले,
एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हातावर गेली.
"अजून पंधरा गुंठे जमिनीतच हाय," ती म्हणाली,
मला नाही, मोजणाऱ्या बोटांना.
मग, "मी बघतो काय तरी.
आयतवारी काढतो."
आणि दारात चप्पल घालता घालता,
"मी आलो म्हणून आज कुठं सही करायची काय?"

पालक भेट नोंदवही कपाटाखालून काढावी लागली.
तारीख. नाव. भेटीचे कारण.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
हे मला अजून सुचलेलं नाही.
सही मात्र आहे,
रकान्याबाहेर गेलेली.

गुरुवारी सकाळी मी एकतीस म्हटलं.
"हजर, बाई."
आवाज फुटलेला, बाहीला माती,
केस कानावर आलेले.
नियम पान दोनवर आहेत.
मी बत्तीस म्हटलं.